नरसम्माच्या ओट्यावर

सोलापूरच्या सात रस्त्यावरून रिक्षा केली, तेव्हापासून विणकरांचा पूर्व भाग येईपर्यंत रिक्षावाला एक शब्द बोलला नाही, ते बरंच झालं. चैत्राचं ऊन होतं आणि मला बोलायचा कंटाळा आला होता. हल्ली तो फार येतो. अंगणवाड्यांच्या नोकरीत सगळं आयुष्य गेलं. आयांशी, बापांशी, सरपंचांशी, साहेबांशी मी एकच विषय बोलत आले, की लेकरांकडं बघा. आता निवृत्त झाल्यावर गुडघे दुखतात तसे शब्दही दुखतात.

हातातल्या पिशवीत आमच्या जुन्या शेजारणीसाठी, नरसम्मासाठी घेतलेली इरकली साडी होती. ती द्यायची, पाया पडायचं, चहा घ्यायचा आणि उन्हं कलायच्या आत घरी यायचं, एवढंच ठरवलं होतं.

गल्लीत शिरले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हे, की वास नाही. आमच्या लहानपणी या गल्लीला वास होता. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या विड्यांच्या पानांचा वास, तंबाखूचा नाकात झोंबणारा वास आणि समोरच्या टांग्याच्या घोड्याचा वास. गटाराचं पाणी एक दिवस लाल वाहायचं, एक दिवस निळं. कुठल्या रंगाचं सूत रंगवलं जातंय ते आम्हा पोरांना गटारात बघून कळायचं. आता गटारावर फरशा आहेत. मागांची खडखड अजून येते, पण लांबून, एखाद-दुसऱ्या कारखान्यातून. तेव्हा ती सगळीकडून यायची आणि सणाच्या दिवशी माग बंद झाले की कान दुखायचे.

नरसम्मा ओट्यावरच बसली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून. डोळ्यांत दुधाळ सायीसारखं काहीतरी उतरलेलं. मी पुढं होऊन नुसतं "अम्मा" म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, "आलीस की. बस. पाय सुजलेत वाटतं तुझं, चालायचा आवाज जड येतो."

मी हसले. ती भिंत धरून उठली. मी चहा करते म्हटलं तर ऐकेना. "तू पाहुणी हायस आज. बस म्हटलं की बस."

ती आत गेली आणि मी त्या ओट्यावर बसून राहिले. ओट्याची फरशी मधोमध गुळगुळीत झाली होती. शेजारची खोली आमची. म्हणजे तेव्हाची.

आमचं गाव माढ्याकडचं. वडील मागावर काम करायला सोलापुरात आले आणि तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या या गल्लीत आम्हाला एक खोली मिळाली. आमच्या आणि नरसम्माच्या खोलीत एकच भिंत. समोर खैरून खाला, तिच्या नवऱ्याचा टांगा. मी खेळायची तेलुगूत, डोकं विंचरून घ्यायची खैरून खालाच्या उर्दूत आणि जेवायची मराठीत. कितीतरी वर्षं मला वाटायचं की जगात प्रत्येक माणसाशी वेगळ्या भाषेत बोलायचं असतं.

मग एका थंडीत आई खोकायला लागली. कशानं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिचा पितळी पेला वेगळा झाला, ताटली वेगळी झाली. आई चुलीपासून उठून दारापाशी बसायला लागली. माझी बहीण शकू तेव्हा अंगावर पिणारी होती. एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला आता आईजवळ द्यायचं नाही. वडिलांनी आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. निघताना आईनं शकूला हात लावला नाही. पदर तोंडावर घट्ट धरून उंबऱ्याच्या बाहेरून तिनं शकूकडं पाहिलं. शकू तिच्याकडं झेपावली, तशी आई दोन पावलं मागं सरली. खैरून खालाच्या नवऱ्यानं टांगा आणला होता. टांगा वळेपर्यंत शकू रडत होती आणि वळल्यावरही.

त्यानंतर माझे थोरले चुलते गावाकडून आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. शेंगांचं गाठोडं घेऊन आले होते. संध्याकाळी ओट्यावर बसले, वडील समोर उकिडवे. शकू आत, साखरपाणी पाजल्यामुळं तेवढ्यापुरती झोपलेली.

आबा म्हणाले, "थोरलीला मी घिऊन जातो. आमच्यात ऱ्हाईल, गुरांमागं जाईल, तुजी वैनी शिकवंल तिला कायबाय. पर बारकीचं काय करायचं? आमच्यात कोन पाजनार तिला?"

वडिलांनी खालची एक काडी उचलली.

"सोलापुरात आश्रम हायेत म्हनं असल्या लेकरांचे. तितं ठिव. बायको बरी झाली तर आनशील माघारी."

वडील जमिनीवर काडीनं रेघा मारत होते. मी दाराच्या मागं उभी होते. गुरांमागं जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं आणि त्याची भीती नव्हती. शकू जिथं नसेल अशा घरात झोपायचं, ही भीती होती. वडिलांनी मान वर करावी, 'नको' म्हणावं, असं वाटत होतं. पण बारा तास मागासमोर उभा राहणारा माणूस काय बोलणार? त्यांनी मान हलवली. ती 'हो' अशीच हलली.

नरसम्मा तिच्या दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तरुण बाई, कपाळभर कुंकू. तिचा सिनू शकूहून थोडासा मोठा, तोही पिणारा. तिचे हात थांबले नाहीत. विडीला दोरा गुंडाळता गुंडाळताच ती म्हणाली, "बारकीला मी पाजते की."

आबांनी वळून पाहिलं.

"एका बाजूला सिनू पितो, एका बाजूला ती पील. देवानं दोन कशाला दिलं मग?"

आबा अवघडले. परक्या बाईनं असं बोलावं हे त्यांच्या कानाला नवीन होतं. म्हणाले, "पर थोरली हितं कुनाच्या भरवशावर? बाप दिसभर कामावर."

तेव्हा समोरच्या दारातून खैरून खाला बोलली. ती कधी बाहेर यायची नाही, पडद्याआडूनच बोलायची. "मेरे भरोसे पे. इत्ते बच्चे खाते सो घर में एक और नै खाती क्या? भैनाँ को अलग नक्को करो भाई. माँ आके पूछेंगी तो क्या जवाब देंगे?"

आबांना उर्दू किती कळलं कोण जाणे. पण 'माँ' कळलं असावं. शेंगांचं गाठोडं उचलून त्यांनी नरसम्माच्या ओट्यावर ठेवलं. "पाजनारनीला लागत्यात," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी एकटेच गावी गेले.

असं ते ठरलं. ना कुणी कागद केला, ना कुणाची परवानगी काढली. उन्हाळा आला, गेला, पुन्हा हवा गार झाली, तेवढा सगळा काळ शकू भिंतीपलीकडं आणि मी अलीकडं वाढलो. खरं तर भिंत नव्हतीच. सकाळी वडील कामावर गेले की मी खैरून खालाकडं जायची. ती मला गुडघ्यांत धरून फणीनं डोकं विंचरायची. "हिलना नक्को गे." तिच्या ओढणीला खोबरेल आणि लवंगेचा वास. मग ज्वारीची कडक भाकरी, वर शेंगांची चटणी, आणि तिच्या पोरांबरोबर शाळेत. शाळेतून आले की नरसम्माच्या ओट्यावर. पानांच्या कडा कात्रीनं कापायला मी तिथंच शिकले. मला शिंका येत राहायच्या. नरसम्मा हसायची. तिच्या मांडीवर सूप, सुपाच्या एका बाजूला सिनू आणि एका बाजूला शकू, आणि मधे तिचे हात चाललेले. ते हात थांबलेले मी फक्त पाजताना पाहिले. विड्या कमी भरायला लागल्या तसा तिचा नवरा कुरकुरायचा. ती तेलुगूत काहीतरी असं सांगायची की तो गप्प बसायचा.

नवरात्रात बतुकम्मा हा तेलुगू बायकांचा फुलांचा सण असायचा. पितळी ताटात तरवडाच्या पिवळ्या फुलांचा मनोरा रचायचा, तो मधोमध ठेवायचा आणि बायका गोल फिरून टाळ्या वाजवत गाणी म्हणायच्या. त्या वर्षी नरसम्मा कडेवर शकूला घेऊन फिरत होती. एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणून ती शकूच्या पाठीवर टाळी वाजवायची. शकू दर टाळीला हसायची. तिच्या कपाळाला नरसम्मानं आपल्यासारखं कुंकू लावलं होतं. शेजारणीनं तेलुगूत विचारलं, ही कुणाची? नरसम्मा फिरतच राहिली आणि म्हणाली, "मा पापा." आमचं बाळ. मी ओट्यावर बसून ते ऐकलं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी आईची इतकी आठवण आली की मी उठून घरात गेले.

आई आली ती संक्रांतीच्या आसपास. हडकुळी, पण चालत. खोकला नव्हता. वडिलांनी तिची वळकटी धरली होती. गल्लीतल्या बायका जमल्या. आई ओट्याशी उभी राहिली आणि तिनं हात पुढं केले.

शकूनं तिच्याकडं पाहिलं आणि नरसम्माच्या गळ्याला मिठी मारली.

आईनं पुन्हा हात केले. "ये की गं माजी बाय. ये." शकू किंचाळली. नरसम्मा तिला सोडवायला लागली, तशी तिनं नरसम्माचा पदर मुठीत धरला आणि "अम्मा, अम्मा" करत आत तोंड खुपसलं. सगळ्या बायका हसल्या, लेकरू आहे, येईल हळूहळू म्हणाल्या. आई हसली नाही. हात तसेच पुढं ठेवून उभी राहिली, मग ते हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

पुढचे काही दिवस मी कधीच विसरणार नाही. शकूला आमच्या खोलीत आणलं की ती भिंतीला तोंड लावून रडायची, कारण भिंतीपलीकडून नरसम्माचा आवाज यायचा. आई वाटीत दूध घेऊन बसायची. शकू वाटी उडवायची. आई सांडलेलं दूध पुसायची, पुन्हा वाटी भरायची. एकदा वडिलांना म्हणाली, "मी तितंच मेले आसते तर बरं झालं आसतं का वो?"

भिंत एकच होती. नरसम्मानं ते ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराला कुलूप. सिनूला घेऊन ती अक्कलकोटला बहिणीकडं गेली होती. नवरा म्हणाला, "काम आहे म्हणाली." काय काम ते त्याला सांगता आलं नाही.

शकू त्या कुलपाशी जाऊन बसायची. दारावर थापा मारायची. आई तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसायची, नुसती. ना बोलवायची, ना ओढायची. थापा मारून मारून शकू दमायची, मग तिथंच झोपायची. झोपली की आई तिला उचलायची. झोपेत ती आईची असायची. मग हळूहळू जागेपणीही थोडी थोडी झाली. एके दुपारी आई भाकरी थापत होती आणि शकू मागून येऊन तिच्या पाठीला चिकटली. आई तशीच थापत राहिली. भाकरी करपली. आई हलली नाही.

नरसम्मा परत आली तेव्हा शकू आईच्या मांडीवर होती. नरसम्मा आपल्या दारात उभी राहिली. शकूनं पाहिलं, बघत राहिली, आणि आईच्या पदरात तोंड लपवलं.

"बरं झालं," नरसम्मा म्हणाली. कुलूप काढलं आणि आत गेली. त्या दिवशी तिच्या ओट्यावर सूप आलं नाही.

पुढं मी शिकले. बालवाडीत शिकवलं, मग अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाले. माढा, अकलूज, सगळीकडं फिरले. उसाच्या फडाकडेला साडीच्या झोळीत निजवलेली, तोंडावर माश्या बसलेली लेकरं पाहिली. त्यांना वजनकाट्यात बसवलं. खिचडीच्या वासात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सभांना जायची. व्यासपीठाच्या मागं कापडी फलक असायचा, बालकांचे कल्याण ही समाजाची जबाबदारी. खाली सगळे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या. पण मनात दर वेळी एकच यायचं, समाज म्हणजे नेमकं कोण? मला विचाराल तर मी दोन नावं सांगेन. एक विड्या वळायची, एक पडद्याआडून बोलायची. त्यांच्या वाट्याचं काम त्यांनी केलंच, वर आमचंही केलं, आणि ते करताना त्या किती थकल्या ते कुणी विचारलं नाही. खैरून खालाला तर विचारायचं राहूनच गेलं. ती गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

नरसम्मा चहा घेऊन आली. कप बशीत थरथरत होते. मी पिशवीतून साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोटांनी काठ चाचपला.

"इरकल. चांगली हाय. शकू कशी हाय?"

"पुण्यात असते. बरं चाललंय. तिला यातलं काहीच आठवत नाही, अम्मा. मी सांगते तेवढंच."

"आठवायला कशाला पायजे?"

खूप वर्षांचं मनातलं मी विचारलं. "तेव्हा तू अक्कलकोटला गेलीस. कसं काय जमलं तुला?"

ती चहा बशीत ओतून प्यायली. मग म्हणाली, "जमत नव्हतं की. सिनू आपल्या बाजूचं प्यायचा. शकूच्या बाजूचं तसंच भरून यायचं. चोळी भिजायची. बहीण म्हणायची, जा घरी. मी म्हटलं, हे आटू दे आधी. आटलं, मग आले."

तिनं बशी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मी शेकडो आयांना स्तनपानावर व्याख्यानं दिली होती.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून, आमच्याच खोलीतून, आवाज आला. "आज्जी, ओ आज्जी." खिडकीच्या गजांत एक लहान मुलगी. तीन-साडेतीन वर्षांची असेल. दाराला बाहेरून कुलूप.

"ही कोण?" मी विचारलं.

"भाडेकरूची हाय. आई टॉवेलच्या कारखान्यात जाते. बाप नाही. पोरगी रस्त्यावर जाती म्हणून कोंडून जाते. मी बसते हितं, बोलत ऱ्हाते तिच्यासंगं. किल्ली माझ्याकडं दे म्हटलं तर म्हणते, तुमाला दिसत न्हाय, पोरगी पळाली तर? खरंच की. माझ्याच्यानं आता होत न्हाय."

"अंगणवाडी आहे ना मागं?"

"दुपारी बंद होते. आई येते दिवे लागताना." तिनं माझ्या दिशेनं तोंड केलं. साडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "हे न्हे माघारी. मला काय करायचं? तू ये. दुपारचं बस हितं."

मला राग आला, हे खरं सांगते. तिचा नाही. आता कुठं मी मोकळी झाले होते. दुपारी पडायचं, गुडघ्यांना तेल लावायचं, कुणाचंच लेकरू बघायचं नाही, असं ठरवून मी घरी बसले होते. नोकरीभर ऑफिसला, तालुक्याला, मंत्रालयाला अशाच लेकरांबद्दल कळवून मी दमले होते. आणि अजून एक खिडकी, अजून एक पोरगी.

मी उठून गेले नाही, एवढंच. खिडकीशी बसले. पोरीनं गजांतून हात काढून माझ्या बांगड्या हलवल्या. मग तिच्या बाहुलीची कथा सांगितली, जिचं डोकं हरवलं होतं. मग झोपली, मग उठली, मग पाणी मागितलं. मी गजांतून पेला दिला. अर्धं तिच्या अंगावर सांडलं. घरी परतायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

दिवे लागताना तिची आई आली. केसांत टॉवेलचे तंतू अडकलेले, हातात डबा. मला खिडकीशी बघून ती जागच्या जागी थांबली.

"तुमी हापिसातल्या हाय का? कुनी तक्रार केली का माजी?" मग एकदम हात जोडून, "लेकरू नका न्हेऊ वो. मी काय करू, सांगा की. कोंडत न्हाय मी हौसेनं."

नोकरीत अशा वेळी द्यायची उत्तरं मला पाठ होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. आलं ते लहानपणचं, कित्येक वर्षांत न बोललेलं.

"न्हाय गं. मी हितलीच."

तिनं नरसम्माकडं बघितलं. नरसम्मानं मान डोलावली. "आमचीच पोरगी हाय ती. याच खोलीतली. उद्यापासून दुपारी बसंल."

मी काही 'बसेन' असं म्हटलं नव्हतं. पण 'नाही'ही म्हटलं नाही. त्या बाईनं डबा खाली ठेवला, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

दार उघडताच पोरगी बाहेर आली. मला वाटलं, आईला बिलगेल. ती कुणाकडंच गेली नाही. अनवाणी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटली, वळली, पुन्हा पळाली. तिची आई "पडशील गं" म्हणत मागं धावायला निघाली.

"पळू दे," नरसम्मा म्हणाली.

तशी तिची आई आमच्याजवळ ओट्यावर बसली. आम्ही पोरीला पळू दिलं.